रोलरचा शेठ

लाँड्रीत सगळे त्याला शेठ म्हणायचे. आता शेठ म्हटल्यावर पोट सुटलेला, गल्ल्यावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला असेल तर तो पुसून टाका. हा शेठ काटकुळा, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरकवण्यात उभी हयात गेलेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आधी तो तिथला साधा कामगार होता. एक दिवस मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाला, "आजपासून तू नोकर नाहीस. रोलरचा विभाग तुझा, तू ठेकेदार. माणसं तू आण, आम्ही चादरीमागं पैसे देऊ." अहो, खुर्ची मिळाली की भले भले हरभऱ्याच्या झाडावर चढतात, हा तर केबिनमध्ये कधी बसलाही नव्हता. सही करून आला. दुसऱ्या दिवशी मशीन तेच, वेळ तीच, अंगात कंपनीचाच शर्ट, लघवीला जायचं तरी सुपरवायझरला विचारून. भरपगारी सुट्टी गेली, आजारपणाची सोय गेली, फंड गेला. आली ती शेठ ही पदवी, तीही बाकीच्यांनी थट्टेनं दिलेली. पण खोटं कशाला बोला, त्याला ती आवडायची.

माणसं आणायची म्हणून त्यानं धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आणलं. दाजी तेव्हा घरीच बसून होते. बहीण म्हणाली, "दादा, ते तुझ्याजवळ असतील तर मला घोर नाही."

रोलरच्या तोंडाशी बोटं आत जाऊ नयेत म्हणून एक जाळी असते. ती तुटली. शेठनं मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "विभाग तुझा, तू बघ." बघायला गेला, तर मेकॅनिकनं हटकलं. कंपनीच्या मशीनला परवानगीशिवाय हात लावायचा नाही म्हणे. झाली की नाही शेठगिरी! जाळी तशीच राहिली, आणि एका दुपारी चादरीबरोबर दाजींचा उजवा हात आत गेला. मशीन थांबेपर्यंत शेठ त्यांना मागून कवटाळून उभा होता. हात वाचला नाही.

कंपनीनं काखा वर केल्या. तुमच्या माणसाचं तुम्ही बघा. बहीण मात्र खमकी, ती कामगार कार्यालयात गेली. तिथल्या निरीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कागदावर काहीही असो, हुकूम कुणाचा चालतो ते महत्त्वाचं. खरी मालक कंपनीच आहे असं ठरलं, तर तुमच्या नवऱ्याला भरपाई मिळेल. तुमच्या भावानं फक्त खरं सांगावं." दाजींचं पुढचं सगळं आयुष्य शेठच्या जबानीवर आलं.

बाई लाँड्रीत आल्या. मॅनेजर होता, बहीण होती, दाजी एका बाजूला उभे होते, शर्टाची बाही पिनेनं वर अडकवलेली. बाईंनी विचारलं, "यांना कामावर कोणी आणलं? इथली जबाबदारी कोणाची?"

शेठनं त्या बाहीकडं पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. "माझी," तो म्हणाला. "मी आणलं त्यांना. मी अंग काढून घेणार नाही."

"नीट विचार करून बोला. जाळीचं कोणाला सांगितलं होतं का?"

"ते कशाला आता, बाई? मी शेजारी उभा होतो. दोष माझाच."

अरे माणसा! नातं निभवायची ही जागा होती का? मॅनेजर म्हणाला, "आमचे ठेकेदार फार सचोटीचे आहेत." बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं.

आपण काय करून बसलो ते त्याला बहिणीच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी तो धावत कार्यालयात गेला, मॅनेजरचं, मेकॅनिकचं सगळं सांगितलं. बाई हळहळल्या. "हे कालच बोलायचं होतं हो. आता कंपनीचा वकील म्हणेल, बहिणीनं पढवून पाठवलं." झालं तेच. कंपनी सुटली. दावा लावायचाच तर शेठवर लावा, असं उत्तर आलं.

"लाव माझ्यावर," तो बहिणीला म्हणाला.

"तुझ्याकडून काय घेऊ, दादा? वहिनीची भांडी?"

कंपनी दाजींच्या जागी माणूस मागत होती, नाहीतर रोलरचा ठेकाही जाणार होता. ते बहिणीला ठाऊक होतं.

"दुसरं कोणी बघू नकोस," ती म्हणाली. "मी येते."

"नाही. तू नाही."

"मग आम्ही खायचं काय, तेवढं सांग."

सोमवारी त्यानं तिला रोलरपाशी उभं केलं. चादर कुठं धरायची, हात कुठं न्यायचा नाही, ते तो तिला पुन्हा पुन्हा दाखवत राहिला, आणि ती मान हलवत राहिली.