मेणात भाजलेली माती

माझ्या ताईच्या यजमानांनी आजवर कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही, आणि यात मी, कॅनडाचा हिवाळा आणि त्यांची स्वतःची गाडी असे तिघेही आलो. भाऊजी मूळचे नागपूरचे. इथल्या किचनर शहरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांची तपासणी केली, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला यंत्रं उरली नाहीत म्हणून ते जग तपासू लागले. ग्रोसरीतून आणलेले बटाटे ते घरी पुन्हा तोलतात. रेडिओवर बर्फ पडणार म्हटलं की दार उघडून हवा हुंगतात आणि मान हलवतात. पडणार नाही म्हटलं की बर्फ उपसायचं शोव्हल दाराशी आणून ठेवतात. माझ्या लग्नात, आमच्या गळ्यात हार पडायच्या आधी, त्यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हा चष्मा कधी लागला? पत्रात लिहिला नव्हता तुमच्या वडिलांनी." माझा नवरा अजूनही त्यांच्यासमोर जाताना चष्मा पुसून घालतो.

त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "मला ह्यांच्याबद्दल संशय येतोय गं," तेव्हा मला आधी हसूच आलं. संशय घेणं हे त्या घरात भाऊजींचं काम. पण ताई हसत नव्हती. त्यांचं घर गावाबाहेर, शेतांच्या कडेला आहे. शेजारी म्हणून एक म्हातारा मेंढपाळ, बाकी नुसतं रान. मुलगा रिचमंड हिलला राहतो आणि त्याच्याच बिल्डिंगमध्ये एक कॉन्डो रिकामा होत होता. "ह्यांचं डोकं जागेवर नसेल तर मी ह्यांना इथे ठेवायची नाही," ताई म्हणाली. "घर विकू, पोराजवळ जाऊ. पण आधी तू येऊन बघ. तुला नीट बघता येतं." मला नीट बघता येतं म्हणजे मी याद्या करते. वही जवळच होती, मी म्हटलं, "सांग एकेक."

ताईने सांगितलं आणि मी लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता माझंही हसू ओसरलं. महिनाभर ते बिनवासाच्या साबणाने अंघोळ करत होते आणि अंघोळीनंतर स्वतःचेच हात हुंगत होते. दोन जोड कपडे घरात येऊच देत नव्हते, गारठ्यात अंगणात टांगून ठेवत होते. मागच्या अंगणातली माती खणून, चाळून गॅरेजमध्ये ताडपत्रीवर वाळत घातली होती आणि गॅरेजला कुलूप लावलं होतं. त्या मातीला रबरी हातमोज्यांशिवाय हात लावत नव्हते. मेणाच्या विटा आणल्या होत्या, आणि त्या घरात मेणबत्ती फक्त बुद्धविहारातून कुणी आलं तरच लागते. एवढं सांगून ताई थांबली. "आणि हिंगाची फोडणी दिली की घराबाहेर पळतात गं. इतकी वर्षं माझ्या वरणाला नाव ठेवलं नाही त्या माणसाने." मी वहीत फोडणीच्या खाली दोन रेघा ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी स्कारबरोच्या माझ्या घरून निघाले.

दार भाऊजींनीच उघडलं. "काहून गं, मधल्या वारी? कोणी पाठवलं?"

"कोणी नाही, भाऊजी. सहज आले."

"सहज कोणी दीड तास ड्राइव्ह करतं का?" ते माझ्या खांद्यावरून मागे बघू लागले, जणू पाठवणारा गाडीत बसला असावा. मी काही प्रश्न घरूनच ठरवून नेले होते, पण ते विचारणं सोपं नव्हतं. चहा घेताना मी म्हटलं, "आज वार कोणता हो?" तर म्हणाले, "तुला माहीत नाही? मग डॉक्टरला दाखव." नातीचा वाढदिवस विचारला तर "तुला गिफ्ट द्यायचं नसेल तर नको देऊ, पण असं खोदून विचारू नको." अर्ध्या तासात ताई माझ्याकडेच काळजीने बघू लागली.

दुपारी ते हळूच मागच्या दाराने गेले. आम्ही दोघी बहिणी बूट चढवून मागोमाग. गॅरेजच्या आडोशाला, बर्फात, त्यांनी सहलीची गॅसशेगडी पेटवली होती. वर मोठं पातेलं. अंगावर ते टांगलेले कपडे, हातात रबरी मोजे आणि लांब लाकडी उलथनं. पातेल्यात माती होती, आणि ते ती परतत होते.

"अहो!" ताई किंचाळली. "ते माझं लाडवाचं पातेलं!"

भाऊजी दचकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हटलं नव्हतं मी, कोणीतरी पाठवलंय म्हणून?"

मग त्यांनी सांगितलं, परतणं न थांबवता. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मेंढ्यांवर कायोटी येत होते. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून दांडगा आणि लांडग्याहून धूर्त असा इथला प्राणी. म्हातारा जन्मभर सापळे लावत आलेला, परवाना त्याचा, कसब त्याचं. पण सापळा मातीखाली पुरायचा, आणि हिवाळ्यात ती माती भिजते, रात्रीत गोठते, सापळा दगडात गाडल्यासारखा मिटत नाही. त्यावर उपाय एकच. कोरडी चाळलेली माती तापवायची, तीत मेण किसून घालायचं, कणाकणाला मेण लागेपर्यंत परतायचं; मग पाणी तीत शिरत नाही. म्हाताऱ्याचे हात आता थरथरतात, उकळतं मेण त्याच्याच्याने होत नाही. म्हणून भाऊजी. "आणि वास यायला नको. कायोटीला माणसाचा नुसता संशय आला तरी तो फिरकत नाही." हे म्हणताना त्यांच्या आवाजात त्या जनावराबद्दल थोडा आदरच होता.

"मग मला का नाही सांगितलं?" ताईने विचारलं.

"तू दर रविवारी विहारात पहिलं शील म्हणतेस. प्राणिमात्राची हिंसा करणार नाही. तुला काय सांगू, सापळ्याची माती भाजतोय म्हणून?"

वसंतात त्या म्हाताऱ्याच्या एका अनाथ कोकराला तिने बाटलीने दूध पाजलं होतं. "ते माझं कोकरू?" तिने विचारलं. भाऊजींनी मान खाली घातली. "तुम्ही सापळ्याला हात लावायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "बाकी माझं मी बघीन, रविवारी."

पण खरी अडचण वेगळीच होती. पहिली बादली वाया गेली होती. कायोटीने सापळा व्यवस्थित उकरून बाजूला ठेवला होता आणि माती चाटली होती. म्हाताऱ्याने मूठभर माती आणून भाऊजींच्या नाकाशी धरली होती आणि म्हणाला होता, "स्मेल्स लाइक डेझर्ट," म्हणजे गोडाधोडासारखा वास येतोय. तेव्हापासून भाऊजींनी साबण बदलला, कपडे बाहेर टांगले, फोडणीपासून पळाले. सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

ताई वाकली, पातेल्यावरची वाफ हुंगली आणि कपाळाला हात लावला. "अहो, वेलची! वर्षानुवर्षं विहाराच्या कार्यक्रमाचे लाडू यातच वळलेत मी. तूप मुरलंय याच्या अंगात." भाऊजी पातेल्याकडे बघतच राहिले. बटाटे तोलणाऱ्या, नवरदेव तपासणाऱ्या त्या माणसाने जगातली एकच वस्तू तपासली नव्हती, कारण ती ताईची होती.

मी गाडी काढली आणि नवं पातेलं, नवी किसणी, नवं उलथनं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शेगडी पुन्हा पेटली. भाऊजींनी आच मोठी केली आणि ताईला ते बघवेना. "कमी करा ती. रवा असा भाजतात का? तळ सोडून परता. द्या इकडे." बादली गार झाली तेव्हा म्हातारा आला, मातीत नाक घालून डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "नथिंग." भाऊजींना निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या फलकानेही एवढा आनंद झाला नसेल. संध्याकाळी ताईने मुलाला फोन करून सांगितलं, कॉन्डो दुसऱ्या कुणाला जाऊ दे.

मी निघाले तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. भाऊजी गाडीच्या खिडकीशी आले. "विंटर टायर्स लावलेस ना?" त्या सकाळी त्यांनीच गुडघे टेकून माझे चारही टायर बघितले होते, आणि नाश्त्याला बसल्यावर तेच पुन्हा विचारलं होतं. मी ताईकडे बघितलं. ताई बाहीला चिकटलेलं मेण नखाने काढत होती, फार बारकाईने. यादीत ही एक ओळ जायला हवी होती, पण मी वही उघडली नाही.

"लावलेत, भाऊजी. पण एकदा बघता का तुम्ही?"

ते खूश होऊन पहिल्या चाकाशी वाकले. घसरू नयेत म्हणून ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि चौथं चाक होईपर्यंत मी इंजिन सुरू केलं नाही.