गणपतीमागचं चक्र

परळच्या दवाखान्यात माझ्या चक्करीची तपासणी चालली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा मोठा डबा गरगर फिरवला. डोळे पट्ट्यांमागे धावायचे, झटक्यात परत यायचे, आणि उभ्या उभ्या मी एका बाजूला कलत गेले. त्यांनी मला धरलं. "नजरेसमोर सगळं फिरलं की शरीराला वाटतं, आपणच फिरतोय. कुणालाही होतं, मावशी."

कुणालाही?

मी अकरा वर्षांची होते. लालबागच्या चाळीत काकूच्या गणपतीमागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं चक्र फिरत होतं. आदल्या वर्षी तिच्या मुलाने, दिनूने, जुन्या पंख्याची मोटर लावून ते केलेलं. नंतर तो भांडून घर सोडून गेला होता. आरतीभर मी चक्राकडेच बघत राहिले आणि डोलायला लागले. झांजा थांबल्या. कुणीतरी म्हणालं, पोरीच्या अंगात आलंय. कपाळाला कुंकू लागलं, नाकात उदाचा धूर गेला. काकू माझ्या पायांशी बसली.

"देवा, माझो दिनू परत येतलो मा?"

"येतलो," मी म्हणाले.

दिनू आला नाही. काकू मात्र शेवटपर्यंत दर चतुर्थीला माझ्या पाया पडायची, आणि मला पाय मागे घेणं कधी जमलं नाही.

"असं पूर्वी कधी झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काय सांगणार? डोलले ती चक्रामुळे, हे आज पटलं. पण "येतलो" म्हणताना मी चक्राकडे बघत नव्हते. काकूकडे बघत होते.