कोरड्या हवेतला पाऊस

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसतो. पांढरी साडी, उलटे पाय, मागे वळून बघू नकोस वगैरे... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते स्मशानात नाही, पिंपळाखाली नाही - माझ्याच कॉम्प्युटरवर घडलं. तेही भर दुपारी.

२००३-०४ च्या सुमाराची गोष्ट. मी हवामानशास्त्रात पीएच.डी. करत होतो आणि सुट्टीत हिंगोलीला आलो होतो. स्टेशनच्या बाजूला, किराणा दुकानाच्या वर आमची भाड्याची खोली. आम्ही धनगर. वडील लवकर गेले. मला शिकवलं ते सखामामाने, मेंढरं विकून विकून. त्याचा कळप उन्हाळ्यात पुसेगावच्या शिवारात असायचा. रब्बी निघाली की शेतकरी मोकळ्या वावरात मेंढरं बसवून घेतात, लेंडीचं खत मिळतं म्हणून. कळप उघड्यावर, मामाही उघड्यावर. त्या मेंढरांशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

माझ्या गाईड सरांनी हवामानाच्या मॉडेलची सीडी दिली होती. परदेशी सॉफ्टवेअर, संशोधकांना फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण हे बसवताना माझं रक्त आटलं! लिनक्स टाका, प्रोग्राम कंपाईल करा, पानभर एरर वाचा, एक स्वल्पविराम बदला, पुन्हा पहिल्यापासून... त्यात लोडशेडिंग. रन, म्हणजे मॉडेलचं गणित, निम्म्यावर आला की लाईट गेलीच. शेवटी ट्रकच्या जुन्या बॅटरीवर इन्व्हर्टर जोडला.

मॉडेल म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. नकाशाच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीत आजचं तापमान, वारा, दाब, बाष्प भरायचं, मग कॉम्प्युटर गणित करून उद्याची हवा सांगतो. नवशिक्याने आधी कोरडा रन करायचा - म्हणजे बाष्प शून्य. मॉडेल मध्येच बंद पडत नाही ना, एवढंच बघायला. बाष्प नाही तर पाऊस नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी हौसेने आपल्याच जिल्ह्याचा नकाशा घेतला आणि कोरडा रन लावला. मामा त्या दिवशी मेंढरांचं औषध न्यायला गावात आला होता, तो खोलीवर चहा पीत बसला होता. रन संपला. मी पावसाचा नकाशा उघडला. तो सगळा पांढरा हवा होता... आणि होताही. फक्त पुसेगावच्या खालची एक चौकट लालभडक होती. उद्या दुपारची.

"हे लाल काय दिसून राहिलं रे?" मामाने विचारलं.

"पाऊस. पण खोटा आहे मामा. काहीतरी चुकलंय."

"कुठं हाय?"

मी सांगितलं. मामाने कप खाली ठेवला.

"तिथं तर माझी मेंढरं बसलीत."

"अहो, पण यात मी पाणीच घातलेलं नाही! पडेल कुठून?"

"पाणी न्हाई घातलं, तरी पडला?"

"चूक आहे म्हणतोय ना."

"तुझी असंल. पावसाची काहून असंल?" असं म्हणून त्याने औषधाची पिशवी उचलली आणि निघाला.

मी सगळे आकडे पुन्हा तपासले. बाष्प शून्यच होतं, प्रत्येक चौकटीत. एसटीडी बूथवरून सरांना फोन केला, तर ते मनसोक्त हसले. "शून्य टाकलंच नसशील तू. परत कर."

मामाने अंधार पडायच्या आत कळप उठवला. शेतकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या आणि मेंढरं ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, तिथल्या ओळखीच्या नाईकाच्या गोठ्यात नेऊन कोंबली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वावरावर गारा पडल्या. लिंबाएवढ्या. बाकी हिंगोलीत नुसती धूळ उडाली.

मी तोच रन पुन्हा केला. तेच मशीन, तेच आकडे. कॉम्प्युटर त्याच आकड्यांना तेच उत्तर देतो, शेवटच्या दशांशापर्यंत. आमच्या सगळ्या शास्त्राचा पायाच तो. या वेळी नकाशा पांढरा आला. पूर्ण पांढरा. फाईलचं नाव तेच असल्यामुळे नवी फाईल जुनीवर लिहिली गेली आणि पुरावा गेला. लाल चौकट पाहिलेली माणसं जगात दोनच - मी आणि मामा. सर म्हणाले, हे बाहेर बोलू नकोस, लोक हसतील.

मामा मात्र सगळ्यांना सांगत सुटला. त्यानंतर तो मला विचारल्याशिवाय कुठेही मेंढरं बसवत नसे.

दोन वर्षांनी मी विद्यापीठात होतो. चांगली मशीन, खरा डेटा, सगळं नियमाप्रमाणे. मामाचा फोन आला. "पुसेगावात बसू का?" मी रन केला. सरांनीही नजर टाकली. नकाशावर आभाळ निरभ्र. "बसा मामा, खुशाल बसा."

गारा पडल्या. त्याच शिवारात.

मी एसटीने पोचलो तेव्हा मामा बांधावर बसला होता. वावरभर मेंढरं आडवी पडली होती, पांढरी-काळी, ओली. जिवंत राहिली ती मोजायलाही कोणी उठलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून रडलो.

त्याच मोसमाच्या रन्सवर पुढे सरांचा पेपर आला. जिल्ह्याची सरासरी उत्तम जुळली होती. सरासरीत एखादी चौकट चुकली तर चालते म्हणे. त्या चौकटीत माझा मामा होता!

मामा नंतर पुण्याला वॉचमन म्हणून गेला. तो पहिला नकाशा कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नावापुढे डॉक्टर लागूनही नाही. पण मला छळतो तो नकाशा नव्हे. त्या दिवशी बांधावर मामा मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. फक्त विचारलं,

"औंदा पाणी घातलं व्हतंस का रे त्याच्यात?"

मी हो म्हणालो.

"काहून घातलंस?"