बाईसाहेबांचं पान

खडकवासल्याच्या पाण्याकाठी बाईसाहेबांची बाग होती, आणि तिथल्या कावळ्यांइतके लाडावलेले कावळे अख्ख्या पुणे जिल्ह्यात नव्हते. आधीच्या मालकीणबाई मूकपटातल्या नटी. त्यांच्या अंघोळीला इतकं दूध यायचं की धरण त्यावरच भरायचं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. पुढे ती जागा एका छोट्या संस्थानाच्या राणीसाहेबांनी घेतली. त्याच आमच्या बाईसाहेब. त्यांच्या खानसाम्याच्या कटलेटांवर पोसलेले कावळे साध्या आमटीभाताकडे ढुंकूनही बघत नसत. मोर व्हरांड्यात चहाला यायचे. उदमांजरं छपरात राहायची आणि भाड्याचा विषय काढला की गुरकावायची. या माझ्या बाता ऐकून बाईसाहेब शांतपणे म्हणत, "अहो, आपण थोडं कमी सांगितलंत तरी आमचं राजघराणं बुडायचं नाही."

ओळख झाली ती पितृपक्षामुळे. मुलाच्या खराडीच्या फ्लॅटवर माझ्या वडिलांचं पान ठेवलं की कबुतरं येत, आणि वडिलांना कबुतरांचा भयंकर तिटकारा. बाईसाहेबांनी त्या पंधरवड्यात बाग सगळ्यांना मोकळी ठेवली होती. मी दरवर्षी जाई. खरं तर वडिलांपेक्षा गप्पांसाठीच.

यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. मूलबाळ नाही. परदेशातल्या पुतण्यानं बाग बिल्डरला विकली, दिवाळीनंतर झाडं पडणार. म्हणून सर्वपित्रीला वडिलांच्या पानाशेजारी मी त्यांचंही पान मांडलं. बटाट्याचं का होईना, कटलेटसुद्धा ठेवलं.

वडिलांच्या पानाला कावळा लगेच शिवला. बाईसाहेबांच्या पानाला एकही शिवेना. सगळे आंब्यावर ओळीनं बसून राहिले.

गेलेल्या माणसाची इच्छा अडली असली की असं होतं. मग ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. इच्छा शोधायची गरजच नव्हती. झाडं राहावीत, एवढंच त्या शेवटच्या भेटीत बोलल्या होत्या.

बागेची माळीण माझ्यामागे उभी होती. म्हणाली, "म्हना की सायेब, बाग राखीन म्हना. येरवी येवढं बोलता."

"माझ्या हातात नाही हो ती."

"कावळ्याला काय ठावं?"

मुद्दा बिनतोड होता. जन्मभर मी बैलगाडीनं थापा वाहिल्या. त्यात एक टोपली आणखी, काय बिघडलं असतं? हात जोडले, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. उदमांजरांची सोय करतो म्हणावं, तर नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझीच सोय बायको नाइलाजानं करते. शेवटी पुटपुटलो, "कुंडीत एक रोप लावीन."

एका कावळ्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि उडून गेला.

उन्हं कलली. माळणीनं दर्भाचा कावळा वळला, पानाला टेकवला, झालं म्हणाली. गवताच्या कावळ्यानं मला काही विचारलं नाही. आंब्यावरचे मात्र अजून बघत होते.