तात्कालिक कारण

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. चिंचवडला आईला नाही. दर गणपतीत ज्यांच्याबरोबर ढोल वाजवतो, मग सँडरिंगहॅमच्या आपल्या देशी दुकानांत जाऊन जिलबी हाणतो, त्या मित्रांना तर नाहीच नाही. पहिल्यांदाच तोंड उघडतोय, तेही तुमच्यासमोर, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. दिसला असता तर विषय बदलला असता. विषय बदलण्यात मी पटाईत आहे.

मी इतिहासाचा मास्तर आहे. ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुराच्या बाजूला, एका शाळेत. शेवटच्या वर्गातल्या पोरांना मी काय शिकवतो, तर अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातले संघर्ष आणि त्यांची कारणं. म्हणजे बघा — मास्तर चिंचवडचा, शाळा न्यूझीलंडची, वर्गात निम्मी माओरी आणि सामोअन पोरं, आणि आम्ही सगळे मिळून वाद कशावर घालतोय? तर साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे कुणाची डुकरं कुणाच्या मक्यात शिरली, त्यावर. मलाही पहिल्या वर्षी हसू यायचं.

पण खरंच डुकरांपासून सुरू होतं ते. इंग्रज तिथे आले आणि त्यांनी आपली डुकरं, गुरं मोकळी सोडली. ती मूळच्या लोकांच्या मक्यात शिरायची, पीक तुडवायची. लोक तक्रार घेऊन गेले, तर उत्तर काय मिळालं? तुम्ही कुंपण घाला. मग जमिनीचे कागद. मूळच्या लोकांना वाटायचं, आपण ह्यांना इथे पेरायला, राहायला दिलंय. इंग्रजांना वाटायचं, आपण विकत घेतलंय. अशी वर्षानुवर्षं धुसफूस. आणि मग एक खटला. एका खुनाबद्दल त्यांच्यातल्या तिघांना इंग्रजांच्या कोर्टानं फासावर चढवलं — बहुतांशी एका साक्षीदाराच्या शब्दावर. त्यानंतर युद्ध पेटलं.

चिंचवडला आमच्या शाळेत देशमुख बाई होत्या इतिहासाला. त्या कारणांचे दोन कप्पे करायच्या. मूळ कारणं आणि तात्कालिक कारण. बाकांमधून फेऱ्या मारत त्या उत्तर सांगायच्या, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि आम्ही ते पाठ करायचो. शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा मार्क कट. त्या खटल्याला बाईंनी तात्कालिक कारण म्हटलं असतं. मीही म्हणतो. म्हणायचो.

हे सगळं का सांगतोय? भूमिका बांधतोय, दुसरं काय. ताकाला जाऊन भांडं लपवतोय. बरं, सांगतो.

अनाहेरा नावाची माओरी मुलगी होती माझ्या वर्गात. २०१४ साल. सतरा वर्षांची, उंच, केस कायम ओले, आणि थंडीतसुद्धा पायात जँडल्स — म्हणजे आपल्या रबरी चपला. आजीजवळ वाढलेली. आजीला ती नॅन म्हणायची, म्हणून शाळेत सगळेच नॅन म्हणायचे. नॅनच्या माहेरच्या लोकांची जमीन सरकारनं कधीकाळी हिसकावून घेतली होती. ती गोष्ट अनाहेराला तोंडपाठ होती, नावागावासकट, सहा-सात पिढ्या मागे जाऊन. तिला वकील व्हायचं होतं. युनिव्हर्सिटीत जागा मिळत होती, स्कॉलरशिपही जवळजवळ नक्की होती, फक्त माझ्या विषयातली क्रेडिट्स मिळायला हवी होती. इथे प्रत्येक विषयात अशी क्रेडिट्स गोळा करावी लागतात. कमी पडली की दार बंद.

त्या वर्षी नॅनचं डायलिसिस सुरू झालं आणि तिला ने-आण करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. अनाहेराच्या शाळेला दांड्या पडायला लागल्या. माझ्या विषयाचा मोठा निबंध वर्गातच बसून, स्वतःच्या शब्दांत लिहायचा होता. तो आठवड्यावर आला आणि पोरीकडे टिपणं म्हणून काही नव्हतं. शाळा सुटल्यावर ती वर्गात येऊन बसली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी सांगतो, तू ऐक.

आणि मी देशमुख बाई झालो. बाकांमधून फेऱ्या मारत अख्खं उत्तर सांगितलं तिला, चार दिवस. तिनं एक अक्षर लिहून घेतलं नाही. डोळे मिटून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची. काय पाठांतर! माझा ऊर भरून यायचा. वाटायचं, अरे, ही तर आपल्यातलीच.

मध्येच एकदा थांबून ती मला म्हणाली होती की सर, मला वाटतं भांडण डुकरांचं नव्हतंच. उसनं दिलेलं परत मागायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं, कारण आजवर कुणी ते बुडवलंच नव्हतं. नॅन आमच्या जमिनीबद्दल असंच सांगते. किती सुंदर बोलली होती! आणि मी काय केलं? छान आहे, म्हटलं, पण परीक्षेत मुद्दे लागतात. पुढे चल. मुद्दा क्रमांक चार.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. नाही हो. हा नुसता मूर्खपणा.

तिनं निबंध लिहिला. मी तपासला. माझीच वाक्यं, जशीच्या तशी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तिला सर्वांत वरची श्रेणी दिली. आपल्याकडे ह्याला हुशारी म्हणतात ना? माझ्या डोक्यात दुसरा विचारसुद्धा आला नाही. खोटं बोलतोय — आला होता. पहिल्याच वर्षी उपमुख्याध्यापिकेनं मला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं की आमच्याकडे तयार उत्तरं देत नाहीत, पुन्हा झालं तर लेखी नोंद होईल. माझी नोकरी कराराची. रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा अर्ज त्याच नोकरीवर उभा. बायकोला सातवा महिना. लेखी नोंद म्हणजे करार नाही, करार नाही म्हणजे अर्ज नाही, आणि मग बाळासकट चंबूगबाळं उचला आणि निघा. हे सगळं मला माहीत होतं. तरी सांगितलं. तोंडीच तर सांगतोय, कुणाला कळणार?

उपमुख्याध्यापिकेनं नेहमीप्रमाणे काही निबंध पुन्हा तपासायला काढले. त्यात अनाहेराचा निघाला. ही भाषा ह्या मुलीची नाही, असा शेरा आला. नसणारच! पापाकुराची कुठली पोरगी 'बी दॅट ॲज इट मे' असं लिहिते? ते वाक्य माझं. स्टाफरूममध्ये मी ते इतक्यांदा वापरायचो की बाकीचे माझी नक्कल करायचे. ती उपमुख्याध्यापिकाही हसायची त्याला.

बैठक बोलावली. अनाहेरा, नॅन, ती बाई आणि मी. नॅन वॉकर ढकलत आली. इथे अशा बैठका कराकियानं, म्हणजे माओरी प्रार्थनेनं सुरू होतात. ती नॅननंच म्हटली, बसल्या बसल्या, धाप लागत. मला माओरी फारसं कळत नाही, पण मध्येच माझं नाव आलं तेवढं कळलं. माझ्यासाठीही काहीतरी मागत होती म्हातारी.

अनाहेराला विचारलं, हे तुला कुणी दिलं? ती अगदी सहज म्हणाली, सरांनी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. शिक्षक सांगतो, आपण लक्षात ठेवतो, ह्यात चोरी कसली?

मग ती बाई माझ्याकडे वळली.

"तुम्ही हिला हे उत्तर दिलं होतं का?"

इथपर्यंत आलो की माझा हात थांबतो. ह्याआधी जेव्हा जेव्हा लिहायला बसलो, तेव्हा इथेच फाडून टाकलं.

"नाही," मी म्हणालो.

झालं. एवढंच. घसा खाकरला नाही, आवाज कापला नाही. उलट फार स्पष्ट आला आवाज, वर्गात यावा तसा. आणि नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसलो असतो तरी — पण नाही, मी पुढेही बोललो. म्हणालो की मी तिला विषय समजावून सांगितला होता, तयार उत्तर देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तत्त्व! कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते शेतात उभं राहून तत्त्वाच्या गप्पाही मारतं.

अनाहेरानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गणित चुकल्यावर पोरं फळ्याकडे पाहतात ना, तसं. मग खाली पाहिलं, जँडल्सकडे. माझ्या घरी बाळ येणार आहे हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. नॅननं बाळासाठी लोकरीचे मोजेसुद्धा विणून पाठवले होते, पिवळे. तिच्या डोक्यात तेव्हा काय आलं मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क मला नाही.

"नेटवरून घेतलं, मिस," ती म्हणाली.

त्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. माझी पैज आहे, तिला सगळं कळलं होतं. पण उत्तर मिळालं होतं, सोयीचं होतं, तिनं ते लिहून घेतलं. त्या खोलीत चौघं होतो आणि त्यातल्या तिघांना खरं काय ते माहीत होतं. ज्या एकीला माहीत नव्हतं ती वॉकर धरून कष्टानं उठली, माझ्यापाशी आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि नातीच्या वतीनं माझी माफी मागितली.

"सॉरी, सर," म्हणाली. आणि मी — तिचा हात थोपटला. इट्स ओके, नॅन, म्हटलं. मी तिला माफ केलं!

देवा रे.

क्रेडिट्स गेली. नक्कल ठरल्यावर दुसरी संधी नसते. स्कॉलरशिप गेली, युनिव्हर्सिटी गेली. वर्ष संपायच्या आत अनाहेरा शाळेत यायची बंद झाली. मी रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगतो. करार वाढला की सांगतो. बाळ झालं की सांगतो. रेसिडेन्सीचा कागद आला की त्याच दिवशी सांगतो — आईशप्पथ, मनाशी असं म्हटलं होतं. कागद आला. बायको रडली, आम्ही पेढे वाटले, ढोलवाल्या मित्रांनी खांद्यावर घेऊन नाचवलं मला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी हजेरी घेतली.

अजून तोच धडा शिकवतो. डुकरं, मका, कुंपण, जमिनीचे कागद. खटला आला की मात्र म्हणतो, हा भाग घरून वाचून या. एका माणसाच्या शब्दावर काय काय होऊ शकतं, हे उभं राहून सांगणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी पापाकुराच्या सुपरमार्केटमध्ये आलं निवडत होतो. मुलगी बरोबर होती — ह्या सगळ्याच्या वेळी पोटात असलेली तीच. मागून माओरीतला नमस्कार आला, "किया ओरा, सर." वळलो. अनाहेरा. अंगात कामाचं जाकीट, केस ओलेच. 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दुधाच्या कारखान्यात काम करते म्हणाली, पॅकिंगला, शिफ्टमध्ये. काम ठीक आहे, पैसे ठीक आहेत. सुट्टीला आली होती. नॅनबद्दल विचारलं तर म्हणाली, गेली, दोन वर्षं झाली.

दोन वर्षं. म्हणजे आता सांगायचं कुणाला? आपल्या नातीनं नक्कल केली आणि एका भल्या मास्तराला गोत्यात आणू पाहिलं, असं मनात धरूनच ती म्हातारी गेली. अनाहेरानं तिला नंतर खरं सांगितलं असेल का? मी विचारलं नाही. मी म्हटलं, ओह, आय ॲम सॉरी. हवेबद्दल बोललो. पटाईत आहे म्हटलं ना.

ती खाली वाकली. माझ्या मुलीला म्हणाली, "तू ते बाळ होय? मोजे झाले होते का गं तुला?" मुलगी लाजून माझ्या पायामागे गेली. मोजे झाले होते. पहिला हिवाळा तिनं तेच घातले होते, बायकोला फार आवडायचे. मी नुसती मान हलवली. अनाहेरा हसली, बाय सर म्हणाली आणि ट्रॉली ढकलत गेली.

गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र इंग्लिशमध्येच. "डॅड, हू वॉज दॅट?"

नोकरी कायम होती. कागद कपाटात होता. गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि विचारणारी चार वर्षांची होती.

"कुणी नाही गं," मी म्हणालो.

ह्या वेळी तर तात्कालिक कारणही नव्हतं.