पाणअस्वलाच्या मॅडम

आमच्या मॅडम कुणाकडेही गेल्या की माणसांआधी भिंतींना भेटायच्या. वर्ध्याच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, आणि ओल्या भिंतीवर शेवाळ दिसलं की पर्समधून चाकू काढत. माझ्या साखरपुड्यात त्यांनी सासरची मोरी खरवडली. सासूबाई अजून विचारतात, "त्या बाई बऱ्या आहेत ना?"

शेवाळात त्या शोधत ते पाणअस्वल. टाचणीच्या डोक्याहून लहान, आठ पायांचं, गुबगुबीत. पाणी आटलं की पाय पोटाशी घेऊन वाळून पडतं, पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतं. समुद्रपूरकडच्या एका गावात, विहिरीच्या कठड्यावर, त्यांना असं एक सापडलं की त्याच्या नख्या कुठल्याच वर्णनात बसेनात. ही नुसती नवी जात नाही, नवी प्रजाती आहे, म्हणजे जातींचं अख्खं घराणंच नवं, असं त्यांचं म्हणणं. मासिकाच्या परीक्षकांनी त्यांचा शोधनिबंध परत पाठवला. नुसत्या नख्यांवर घराणं ठरत नाही, अंडी दाखवा. सर्वांत जवळच्या प्रजातीतली मादी गुळगुळीत अंडी स्वतःच्या टाकलेल्या कातीत ठेवते. आमची काय करते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोवर काचबिंदूनं मॅडमची अर्धी नजर खाल्ली होती. मी म्हटलं, आता राहू द्या. त्या भडकल्याच.

"काऊन राहू देऊ? डोये जाऊन राह्यले, डोकं नाई गेलं."

गावात निरोप धाडून आम्ही शेवाळ आणायला निघालो. विहिरीचे मालक किसनकाका हार घेऊन उभे होते आणि मागे कठडा पांढराशुभ्र.

"मॅडम येनार म्हून सारं घासून काढलं, चुना मारला. लय घान होतं जी."

असा पाहुणचार फक्त आमच्याकडेच होऊ जाणे. मॅडमनी हार घालून घेतला, चहा घेतला, मग शांतपणे विचारलं, "काका, खरवडलेलं कुठं टाकलं?"

"त्या पऱ्हाटीच्या ढिगामांगं."

भर उन्हात पदर खोचून त्या कापसाच्या वाळल्या काड्यांच्या ढिगामागे बसल्या. वाळून कडक झालेले पोपडे आम्ही पिशवीत भरून आणले.

ते भिजवून तपासण्यात सगळा उन्हाळा गेला. शेवटी शेवटी मॅडमना सूक्ष्मदर्शकात नुसता उजेड दिसायचा. मी पाहायचे, त्या शेजारी बसायच्या. एका दुपारी मला अंडं दिसलं. मी काही बोलणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"मले पायजे ते नको सांगू. हाय ते सांग."

मी सांगत गेले. अंडं कातीत नाही, मोकळं पडलंय. वर सगळीकडे शंकूसारखी टोकं आहेत. आत पिल्लू हलतंय आणि त्याच्या नख्या आपल्याच पाणअस्वलाच्या.

"पुन्हा पाह्य."

पुन्हा तेच होतं. त्यांनी मनगट सोडलं, आणि मला रडू आलं.

निबंध छापून आला तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन तो वाचून दाखवायला बसले. "अंड्याचं पयले वाच," त्या म्हणाल्या. मी वाचत होते आणि त्या बोटानं टेबलावर ते अंडं काढत होत्या. ते त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. मी वाचायची थांबले, तरी त्यांचं बोट एकेक टोक काढतच राहिलं, आणि एकही चुकलं नाही.