ड्रमच्या आधी वाटलेली संत्री

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कोणाकडे काय चाललंय हे मला तळमजल्यावर बसल्या बसल्या कळतं. जिना आणि लिफ्ट दोन्ही माझ्या खिडकीसमोर आहेत, आणि माणसाचा चेहरा घरातल्यापेक्षा जिन्यात जास्त खरा असतो. असं असूनही तिसऱ्या मजल्यावरच्या नागोरावांच्या बाबतीत काय शिजलं ते मला सगळ्यांत शेवटी समजलं. हा अपमान मी अजून विसरलेली नाही. पण माझं राहू दे, फसले ते नागोराव.

नागोराव अमरावतीकडच्या एका शाळेत ड्रिलमास्तर होते. सव्वीस जानेवारीची फेरी निघाली की मोठा ड्रम पोटावर बांधून हे सगळ्यांच्या पुढे. बायको गेल्यावर मुलाने, आनंदने, त्यांना पुण्यात आणलं. आनंद आणि सून उत्कर्षा दोघंही हिंजवडीला, सॉफ्टवेअरमध्ये. दिवसच तसे होते. कंपन्यांच्या बस सकाळी कोपऱ्यावर यायच्या आणि निम्मी सोसायटी उचलून न्यायच्या. मागे उरायचो आम्ही पेन्शनर, कामाच्या बायका, आणि लिफ्टमधली ती दार लावा म्हणून विनवणारी बाई. पहिले काही दिवस नागोराव तिला उत्तर द्यायचे. "लावतो न बाई, जरा थांबा." मी ऐकलंय.

त्यांना बोलायला माणूस एकच, नात अपेक्षा, तिसरीतली. पोरगी हाताला लागेल ते बडवायची. डब्याचं झाकण, गॅलरीचा कठडा, झोपलेल्या आजोबांचं पोटसुद्धा. दुसऱ्या कोणा आजोबांनी दटावलं असतं. यांनी बादली पालथी घातली आणि तिला 'डावा, उजवा, डावा' शिकवायला घेतलं. संध्याकाळी पाच ते सहा. तेवढ्या तासात नागोराव पुन्हा मास्तर व्हायचे. तेवढ्यासाठीच ते उरलेला दिवस काढत होते, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, आमचे सेक्रेटरी आप्पासाहेब. शांतता हा त्यांचा एकुलता एक छंद. चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली: 'बादली पाणी भरण्यासाठी असते. कळावे.'

नागोरावांनी बादली सोडली आणि खरा ड्रमच घ्यायचं मनात घेतलं. वार्षिक सभेत उभे राहून म्हणाले, "पोरीच्या हातात ताल आहे. दिवसातून एक तास मागतो, जास्त नाही."

आप्पासाहेब म्हणाले, "नागोराव, आपण शाळा सोडलीत. शाळा आपल्याला सोडत नाही, त्याला सोसायटीने काय करावं?"

सगळे हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. आनंद तेवढा चपलेकडे बघत बसला.

आणि आठवड्याभरात काय व्हावं? याच आप्पासाहेबांनी नागोरावांना फाटकाशी गाठलं. "घ्या हो तो ड्रम. लेकराची हौस आहे. माझी हरकत मागे."

नागोराव थेट माझ्याकडे आले, डोळे ओले. "मी ओळखलंच नव्हतं जी त्यांना. लय मोठ्या मनाचा माणूस."

"कोण, आप्पासाहेब? आमचे?" मी म्हटलं.

"तुम्ही पुण्याचे लोक एकमेकांवर विश्वासच ठेवत नाही."



रविवारी चौघं गाडीने शहरात वाद्यांच्या दुकानात गेली. तिथलं सगळं नागोरावांनी मला माझ्याच टीपॉयवर वाजवून दाखवलं, चष्म्याचं घर खाली पडेपर्यंत. आनंदने त्यांना इलेक्ट्रॉनिक ड्रम दाखवला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर काळ्या रबरी चकत्या, खाली वायरी. "हे तर पापड वाळत घातल्यासारखं दिसते," नागोराव म्हणाले.

"हल्ली हेच घेतात, बाबा. कातडं ताणायला नको, आवरून पलंगामागे ठेवता येतं."

मग दुकानातल्या पोराने बटण दाबलं आणि काठ्या चालवल्या. नागोरावांनी बाह्या वर सारल्या. तीन सेट होते, तिन्ही त्यांनी तपासले. पहिल्यात अपेक्षाचा पाय पेडलला पुरत नव्हता. दुसऱ्याचं पेडल पाय मारला की पुढे सरकायचं. तिसऱ्यावर तिला बसवली, कोपर बघितलं, पाठ बघितली आणि म्हणाले, "मार." तिने पायाने मोठा ड्रम मारला. "अस्सा छातीत बसते आवाज, बाई. आमच्या शाळेचा ड्रम काय वाजंल त्याच्यापुढं." पेन्शनीतले पैसेही त्यांनीच हट्टाने दिले. निघताना आनंदला विचारलं, "सगळं घेतलं न?"

"सगळं घेतलं, बाबा."

हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी नागोराव दोन बस बदलून मार्केट यार्डात गेले. हातगाडीवरच्या संत्र्यांना ते संत्री म्हणत नसत. पोतंभर घेऊन आले आणि घरोघरी जाऊन वाटली. "पाच ते सहा जरा त्रास होईल तुम्हाले. पोरगी शिकते आहे, सांभाळून घ्या." लोकांनी दारं पूर्ण उघडून संत्री घेतली. "छे छे, त्रास कसला." एकानेही टोमणा मारला नाही. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. ड्रम वाजणार म्हणून सांगायला यावं आणि कर्वेनगरातल्या माणसाने गोड बोलावं, यात काहीतरी काळंबेरं असणारच.

शनिवारी संध्याकाळी उद्घाटन. नागोरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी होते, आप्पासाहेब होते, पोहे होते. अपेक्षा स्टुलावर बसली, कानांवर मोठे हेडफोन चढवले, आजोबांकडे बघितलं. आजोबांनी हात वर करून खाली आणला, फेरीत आणायचे तसा.

पोरगी जीव तोडून वाजवायला लागली. आणि आम्हाला ऐकू आलं काय, तर टप टप टप. शेजारच्या घरात कोणी भेंडी चिरतंय असं.

नागोराव थांबले. वाकून वायरी बघितल्या. "बिघडलं वाटते. दुकानदाराने फसवलं आपल्याला, आनंद. चल, परत नेऊ."

"बिघडलं नाही बाबा. हे असंच असतं. आवाज हेडफोनमध्ये येतो."

"दुकानात तर येत होता."

"तिथे स्पीकर जोडला होता. तो वेगळा घ्यावा लागतो."

"मग काहून नाही घेतला?"

आनंद उत्कर्षाकडे बघायला लागला, उत्कर्षा पोह्यांकडे. शेवटी आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली. "अहो नागोराव, सभेनंतर आनंदराव स्वतः माझ्याकडे आले होते. स्पीकर आणायचा नाही, याच अटीवर मी हरकत मागे घेतली. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कल्पना आहे."

सगळ्यांना. म्हणजे मला सोडून, पण ते असो.

नागोरावांनी एकच केलं. अपेक्षाच्या कानावरचा एक हेडफोन बाजूला सारला आणि विचारलं, "तुले माहीत होतं?"

"बाबा म्हणाले, आबांना आधी सांगितलं तर ते नको म्हणतील," पोर म्हणाली. मग हेडफोन काढून तिने त्यांच्यापुढे धरले. "तुम्ही घाला ना, मी न ऐकता वाजवते."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हेडफोन घेतले नाहीत. चप्पल घालून माझ्या पाठोपाठ खाली आले आणि माझ्या खुर्चीत बसले. म्हणाले, "सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं, बाई. पोरीपायी मुका ड्रमही घेतला असता. पण माझ्या लेकाने मले संत्री वाटू दिली."



त्यानंतर पाच वाजले की ते खाली माझ्याकडे यायचे. वर नात वाजवायची, इथे आजोबा रस्ता बघायचे. आनंदने दोनदा बोलावून पाहिलं, "बाबा, एकदा घालून तर बघा." "तुझं चालू दे," एवढंच उत्तर.

मग एका संध्याकाळी आप्पासाहेब जिना उतरून आले. चेहरा फार खरा होता. "नागोराव, जरा नातीला सांगा. तिचं ते पायाचं पेडल. माझ्या छतातून सारखं धप धप येतं. डोकं उठलंय."

"आवाज?" नागोराव म्हणाले. "मले तर काहीच ऐकू येत नाही. तुमच्याच अटीचा ड्रम आहे जी तो."

मी पदर तोंडाला लावला. पण नागोराव हसले नाहीत. ते उठून उभे राहिले होते. "धप धप? खाली येते?"

आणि आप्पासाहेबांना बाजूला करून ते जिना चढले.

मी मागोमाग गेले, न जाऊन कसं चालेल? आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये, आप्पासाहेबांच्याच आरामखुर्चीत, नागोराव छताकडे मान करून बसले होते. वरून अपेक्षाचा पाय पडत होता, आणि यांची चप्पल फरशीवर त्याच्याबरोबर पडत होती. मध्येच म्हणाले, "घाई करते." थोड्या वेळाने, "आता बरोबर."

तेव्हापासून रोज पाचला ते तिथे जातात. आप्पासाहेब नाही म्हणू शकत नाहीत, संत्री खाल्ली आहेत. परवा आनंद लवकर घरी आला होता, तो दाराशी येऊन म्हणाला, "बाबा, वर चला ना. मी स्पीकर घेऊन येतो, सगळ्यांशी बोलतो."

नागोरावांनी छतावरची नजर काढली नाही. "नको. इथं मले कोणाला न विचारता ऐकू येते."

आनंद उभा राहिला, मग वर गेला. चहा आप्पासाहेबांनी केला. दोघांपुरताच होता, म्हणून मी निघाले.